उशिरां येणारें मूल

प्राथमिक शाळेंतील मुलांचें संरक्षण हा विषय निघाला कीं आपणांस प्रथम कायदे आठवतात. तसे कायदे आज आहेतहि. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळूनहि जो तें पोलिसांस कळवीत नाहीं, त्यालाहि शिक्षा सांगितली. दोन्ही कायदे योग्यच. परंतु ज्याची सारी नोकरी खेड्यांतील शाळांवर गेली त्या माझ्यासारख्या मास्तराला या गोष्टीचा इतिहास हजेरीपटांतील गैरहजेरीच्या खुणांपासून सांगावासा वाटतो.

आमच्या खापरपणज्यांच्या काळीं पंतोजींच्या शाळेंत जें मूल येत नसे, त्याला आणावयास चार दांडगीं मुलें धाडीत. दोघांनीं हात व दोघांनीं पाय धरून त्या बापड्याची वरात गुरुजींपुढें येई. ‘उचलबांगडी’ हा शब्द आज आपण बदली झालेल्या अंमलदाराविषयीं थट्टेनें वापरतों. त्या मुलाला त्यांत थट्टा वाटत नसावी. पुढें अंगठे धरविणें, ओणवें करणें, आढ्याच्या दोरीला लोंबकळत ठेवून छड्या मारणें हे प्रकार होतच. मूल कां आलें नाहीं, हा प्रश्न त्या न्यायासनापुढें निघत नसे.

पुढें सरकारी शाळा आल्या. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुल्यांनीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें तें सक्तीचें व मोफत करण्याचें ठरविलें आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्तीवांचून बहुजनांचीं मुलें शाळेचा उंबरठा चढतीं ना, हें खरें. पण सक्तीनें मूल वर्गांत येतें एवढेंच. वर्गांत आल्यावर त्याचें काय होतें हें पाहावयास निराळी दृष्टि लागते.

ती दृष्टि आपल्याकडे बरीचशी काठेवाडांतून आली. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला वाढवावें कसें, या विवंचनेंतून ते माँटेसोरीबाईंच्या ग्रंथांपर्यंत पोंचले, वकिली सोडली, आणि १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत त्यांनीं बालमंदिर काढलें. तेथें छडीला जागा नव्हती. १९२३ मध्यें राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजांतील मोठी जागा सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्यें दादरला शिशुविहार झालें. शहरांतील सुखवस्तु घरांच्या मुलांची सोय लागली. ताराबाईंना तेवढें पुरेना.

१९४५ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणू तालुक्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. पुण्याच्या हुजूरपागेंत शिकविणाऱ्या अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतलीं मुलें येईनात. येथें पंतोजी असते तर त्यांनीं चार दांडगे धाडले असते. या दोघींनीं बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणांत नेली. माँटेसोरीचें महागडें साहित्य तेथें कोठलें? शिंपले, गोटे, बिया, पानें यांवर काम भागविलें. आणि पहिला पाठ स्वच्छतेचा: आंघोळ, नखें कापणें, केस विंचरणें. ज्या मुलाकडे रोज कोणी इतक्या जवळून पाहतें, त्याच्या अंगावरचा वळ लपून राहत नाहीं. संरक्षणाचा याहून मोठा उपाय मला तरी ठाऊक नाहीं. १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें.

१९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. भोंवतीं वारल्यांची वस्ती. मुलगे गुरांमागें जात, म्हणून शिक्षकच कुरणांत जाऊं लागले व ‘कुरणशाळा’ झाली. मुली धाकट्या भावंडांपायीं घरीं अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ केली. धाकटें पाळण्यांत, थोरली वर्गांत.

हें सारें मॅट्रिकनंतर ट्रेनिंग कॉलेजांत असतांना मीं पाठ केलें होतें. परीक्षेंत त्यावर पांच गुणांचा प्रश्न येई. मला चार मिळाले.

त्यानंतर तीन-चार वर्षांनीं मी एका दोनशिक्षकी शाळेवर होतों. तिसरींतील एक मुलगी रोज प्रार्थना आटोपल्यावर येई. मी रोज तिला एक छडी देत असें. ती डावा हात पुढें करी. किती दिवस हें चाललें, तें सांगण्याची मला लाज वाटते. एके दिवशीं चिडून मीं “उजवा कर!” म्हणून दरडावलें. तिनें हात उघडला, तों तळवा भाजलेला. फोड फुटून कातडें लोंबत होतें. पेजेचें पातेलें उतरतांना भाजलें होतें, आणि त्याला चार दिवस होऊन गेले होते. चारहि दिवस ती माझ्यापासून दोन हातांवर बसून डाव्या हातानें पाटीवर लिहीत होती.

संध्याकाळीं तिच्या घरीं गेलों. आई उजाडण्यापूर्वीं लावणीला जाई. ही पेज रांधून, भावाला भरवून, त्याला निजवून मग शाळेची वाट धरी. तो निजला नाहीं कीं तिला उशीर होई.

मीं म्हटलें, “उद्यांपासून त्यालाहि घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशीं ती प्रार्थनेच्या आधीं हजर, कडेवर भाऊ. मीं त्याला माझ्या खुर्चीजवळ बसविलें. त्यानें खडूंची पेटी पालथी केली आणि एक खडू तोंडांत घालून चोखावयास सुरुवात केली.