पट, फांसे आणि खेळणाराचें स्वातंत्र्य



खेळ म्हणजे वेळ घालविण्याचें साधन, एवढेंच आपण समजतों. परंतु मनुष्याच्या हातीं किती आहे, याविषयीं प्रत्येक खेळाचें कांहींएक मत असतें. आपल्याकडील दोन जुने पटच पाहा.

पहिला मोक्षपट. त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा आहे. आज आढळणारे जुने पट मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. सापशिडी ही त्याचीच वंशज. घराघरास गुणदोषांचीं नांवें. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा सर्प खालीं ओढतो. जीवाची कथा आधींच लिहिलेली. दान नेईल तेथें जावें, निवड नाहीं.

सोंगट्यांचें तसें नाहीं. दान येथेंही दैवाधीन. पण चारांपैकीं कोणती सोंगटी चालवावी, समोरची मारावी कीं आपली घरीं न्यावी, हें खेळणारा ठरवितो. हरल्यावर सारा दोष कवड्यांना देतां येत नाहीं.

हाच भेद पुढें पडद्यावरील खेळांत उतरला. या खेळांत आपण एका वीराची भूमिका घेऊन प्रवासास निघतों. अमेरिकेंत 1981 सालीं ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ निघाले. दोहोंपासून स्फूर्ति घेऊन जपानच्या युजी होरी यांनीं 1986 सालीं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. मूळ एक; पण जपानी शाखेचा कल बांधीव कथेकडे, पाश्चात्त्य शाखेचा मोकळ्या निवडीकडे झुकला.

1997 सालचे दोन खेळ पाहावे. जपानी ‘फायनल फँटसी सात’मध्यें एअरिथ ही सोबतीण मारली जाते, खेळणारानें कांहींही केलें तरी तें टळत नाहीं. अमेरिकन ‘फॉलआउट’मध्यें शेवटच्या प्रतिपक्ष्याशीं लढावें कीं पुरावा दाखवून त्याचें मन फिरवावें, हें आपण ठरवितों; वाटेंतील वस्त्यांचें भवितव्यही आपल्या करणीवर ठरतें. अर्थात् हा भेद कांहीं काळ्या दगडावरची रेघ नव्हे. जपानच्याच ‘क्रोनो ट्रिगर’ला 1995 सालीं अनेक शेवट होते.

मग श्रेष्ठ कोणता? आमच्या बीडकडे कीर्तनांत अभिमन्यु चक्रव्यूहांत शिरला, कीं तो परतणार नाहीं हें सर्वांस ठाऊक असतें. तरी डोळे भरतात. न टळणारें दुःख सर्वांचें एक होतें, हें बांधीव कथेचें सामर्थ्य. मोकळ्या खेळांत तें ऐक्य विरळ. तेथें ज्याचें त्याला उत्तर द्यावें लागतें. पहिला सोसावयास शिकवितो, दुसरा जबाबदारी घ्यावयास. संसारांत दोन्ही लागतात.

म्हणून मूल खेळून उठलें म्हणजे “किती वेळ खेळलास?” एवढेंच विचारूं नये. “तेथें तूं काय ठरविलेंस, आणि काय तुझ्या हातीं नव्हतें?” हेंही विचारावें. उत्तर ऐकण्यासारखें असेल.