भिंत सगळ्यांना आठवते, विरकर कुणाला आठवतात?

आजचा एपिसोड फोटोबद्दल आहे, म्हणजे खरं तर फोटोखालच्या नावाबद्दल.

जालियनवाला बागेचा तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. भिंत, तिच्यावर गोळ्यांच्या खुणा आणि त्या खुणा दाखवणारी माणसं. १३ एप्रिल आला की तो फॉरवर्ड होतोच. अशा फोटोंमागचा माणूस मुंबईचा होता: नारायण विनायक विरकर. स्वातंत्र्य चळवळीतल्या नेत्यांचे फोटो काढणारा मराठी फोटोग्राफर.

१९१९ मध्ये हत्याकांडानंतर पंजाबात मार्शल लॉ लागला, बातम्या दाबल्या गेल्या. विरकर त्याच वर्षी अमृतसरला गेले आणि त्यांनी भिंतींचे फोटो काढले. हे फोटो म्हणजे पुरावा होता. पुरावा देशभर पोचला, पुरावा आणणाऱ्याचं नाव मागेच राहिलं.

तेव्हाचा कायदाही गमतीदार होता. १९१४ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, निगेटिव्ह तयार झाली तेव्हा ती ज्याच्या मालकीची, तोच फोटोचा कर्ता! बटण कुणी दाबलं, हा प्रश्नच नाही. हक्क ५० वर्षांचा, तोही निगेटिव्ह तयार झाल्यापासून. १९५७ च्या कायद्याने फोटो काढणाऱ्यालाच कर्ता मानलं. २०१२ च्या दुरुस्तीने मुदत त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं केली.

आता मुद्दा नीट ऐका. विरकरांच्या १९१९ च्या फोटोंवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, ते कुणीही वापरू शकतं. पण 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा हक्क वेगळा असतो. कॉपीराइट विकला तरी तो कर्त्याकडे राहतो. २०१२ पासून तर कर्त्याच्या पश्चात त्याचे वारसही तो बजावू शकतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड कंपनीचा असला, तरी कमिटवर नाव लिहिणाऱ्याचंच दिसतं.

आता डोंबिवलीत या. दिवाळीच्या पहाटे किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत फडके रोडवर कितीतरी पोरं कॅमेरे घेऊन उभी असतात. संध्याकाळपर्यंत त्यांचे फोटो कुठल्या तरी पेजवर किंवा बॅनरवर दिसतात. वॉटरमार्क कापलेला आणि खाली 'साभार: इंटरनेट'. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की फाइलमधली माहितीही गळते, म्हणजे नाव शोधायचा तो रस्ताही बंद.

आणि हो, नुसतं नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. फोटोग्राफर हयात आहे, इन्स्टाग्रामवर आहे, तर एक मेसेज करून विचारा. पैसे मागितले तर तो त्याचा हक्क आहे. विरकरांना मात्र आता विचारता येणार नाही. त्यामुळे पुढच्या १३ एप्रिलला त्यांचा फोटो फॉरवर्ड कराल, तेव्हा खाली एवढंच लिहा: फोटो, ना. वि. विरकर, १९१९.