विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर आतून कसा चालतो? शेतकऱ्यांसाठी सोपी माहिती

बोरिवली तालुका, गोराई : मुंबई उपनगर जिल्हा म्हटलं की लोकांना टॉवर आणि लोकल आठवते. पण गोराई, मनोरी या खाडीपलीकडच्या गावांत आजही विहिरी आहेत, भाजीचे मळे आहेत आणि त्यावर चालणाऱ्या मोटरी आहेत. मोटर बंद पडली तर वायरमन आणायला बोटीने बोरिवलीला जायचं, नाहीतर रस्त्याने भाईंदरचा वळसा घालायचा. तोवर वाफे सुकतात. त्यामुळे स्टार्टरच्या पेटीत काय चालतं हे शेतकऱ्याला समजलेलं बरं. काम वायरमननेच करायचं, पण बिघाड कुठे आहे हे आपल्याला कळलं तर पैसे आणि मोटर दोन्ही वाचतात.

पेटीत दोन रस्ते असतात

स्टार्टरमध्ये विजेचे दोन वेगळे रस्ते असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

पहिला मोठा रस्ता, म्हणजे पॉवरचा. तीन फेज मेन स्विच आणि फ्यूजमधून कॉन्टॅक्टरमध्ये येतात, तिथून ओव्हरलोड रिलेमधून मोटरकडे जातात. मोटरचा सगळा करंट याच रस्त्याने जातो.

दुसरा छोटा रस्ता, म्हणजे कंट्रोलचा. यात बटणं आणि कॉइल असते. करंट अगदी थोडा, पण मोठा रस्ता चालू-बंद करण्याचा हुकूम इथून सुटतो.

कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच. कॉइलला वीज मिळाली की चुंबक पट्ट्या ओढतो आणि तिन्ही फेज एकदम जोडले जातात. वीज गेली की स्प्रिंग पट्ट्या मागे ढकलते आणि मोटर बंद होते.

हिरवं बटण सोडलं तरी मोटर चालू कशी राहते?

कंट्रोलचा रस्ता असा : एक फेज, मग ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट (त्यावर ९५-९६ लिहिलेलं असतं), मग लाल बटण, मग हिरवं बटण, मग कॉइल (ए१-ए२) आणि तिथून दुसरा फेज. कॉइल २४० व्होल्टची असेल तर शेवटी न्यूट्रल.

लाल बटण एरवी जोडलेलं असतं, दाबलं की तुटतं. हिरवं एरवी तुटलेलं असतं, दाबलं की जुळतं. हिरवं दाबल्यावर कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि त्याच्यासोबत १३-१४ नंबरचा एक छोटा कॉन्टॅक्टही जुळतो. हा हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बोट काढलं तरी वीज या वाटेने कॉइलला मिळत राहते. यालाच होल्डिंग म्हणतात. लाल दाबलं, ओव्हरलोड पडला किंवा लाईट गेली की होल्डिंग सुटतं. लाईट परत आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही. ही अडचण नाही, ही सुरक्षा आहे.

मग मोटर जळते का?

एक, फेज गेल्यामुळे. शेतीच्या बऱ्याच स्टार्टरमध्ये कॉइल दोनच फेजवर असते. तिसरा फेज गेला तर कॉइलला त्याचा पत्ता लागत नाही, कॉन्टॅक्टर तसाच राहतो. मोटर दोन फेजवर चालते, जास्त करंट ओढते आणि तापते. अशा वेळी ओव्हरलोड रिले पडायला हवा. पण सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी सेटिंग वाढवून ठेवलेली असते आणि मोटर रिवाइंडिंगला जाते.

सेटिंग मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायची. ४१५ व्होल्टवर ५ एचपीची मोटर साधारण ७ ते साडेसात अँपिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटरच्या वाइंडिंगच्या वाटेवर असेल तर पाटीवरच्या आकड्याच्या ५८ टक्के ठेवतात, म्हणजे १४ अँपिअरला साधारण ८. सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवावा.

दोन, कोरडी चालल्यामुळे. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला की पंप हवा ओढतो. पाणी उचलायचं नसल्याने करंट वाढत नाही, उलट कमी होतो. म्हणून ओव्हरलोड रिले इथे काहीच करत नाही. सबमर्सिबल मोटर तर पाण्यानेच थंड राहते, ती लवकर जाते. यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लागतो. समुद्रकाठी आणखी एक गोष्ट. विहीर फार उपसली की खारं पाणी आत येतं. पंप वेळेवर बंद होणं विहिरीसाठीही गरजेचं आहे.

ऑटो स्विचचा धोका

लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून अनेक ठिकाणी ऑटो लावतात. थेट चालू होणारी मोटर सुरुवातीला ६-७ पट करंट ओढते. लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असं शेतकऱ्यांना सांगत असते. त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. माणूस विहिरीत उतरलेला असताना किंवा पंपाला हात लावलेला असताना लाईट आली तर काय होईल, याचा विचार करा.

बिघाड कसा ओळखायचा?

- हिरवं दाबलं, काहीच आवाज नाही : लाईट, फ्यूज, ओव्हरलोड पडलाय का ते बघा. लाल बटण आत अडकलेलं असू शकतं.
- बटण धरलं तोवरच चालते : १३-१४ चा होल्डिंग कॉन्टॅक्ट खराब किंवा त्याची वायर सुटलेली.
- मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही : लगेच बंद करा. एक फेज नाही किंवा पंप जाम आहे.
- कॉन्टॅक्टर खडखडतो : व्होल्टेज कमी किंवा चुंबकाच्या तोंडावर घाण.
- पाणी कमी, मोटर उलटी फिरते : कोणतेही दोन फेज अदलाबदल करायला सांगा.

खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. पेटीचं रबर शाबूत ठेवा, पेटी पाऊस लागणार नाही अशी लावा. कॉन्टॅक्टच्या टोकांवर चांदीचा मुलामा असतो, ती कानस किंवा पॉलिश पेपरने घासू नका.

जिल्ह्याचं नातं

शेतात दिसणारा एमके-१ स्टार्टर लार्सन अँड टुब्रोचा. दोन डॅनिश इंजिनिअरांनी ही कंपनी १९३८ मध्ये मुंबईत काढली आणि १९४८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पवईला जागा घेतली. तिचा स्विचगिअरचा धंदा २०२० मध्ये श्नायडरकडे गेला.

शिकायचं असेल तर

दहावी झालेल्या मुलामुलींना आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन हा २ वर्षांचा ट्रेड आहे, मुलुंडच्या सरकारी आयटीआयसारख्या संस्थांत तो शिकवतात. घरी सराव करायचा तर २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्टचा कॉन्टॅक्टर, दोन बटणं घ्या आणि मोटरच्या जागी २४ व्होल्टचे बल्ब लावा. ट्रान्सफॉर्मरची मेनकडची बाजू वायरमनकडून बंद पेटीत बसवून घ्या. आधी कागदावर रस्ता काढा, मग वायर जोडा.

शेवटी महत्त्वाचं : पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि टेस्टरने तिन्ही फेज तपासा. लाल बटण दाबल्यावर मोटर थांबते, पण पेटीत वीज असतेच. अर्थिंग नीट ठेवा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या हाताने, ओल्या पायाने पेटीला हात लावू नका.