सरदार परत गेला, सेवक राहिला

आधुनिक माणूस मध्ययुगात पोहोचला तर काय होईल, हा प्रश्न मार्क ट्वेनने १८८९च्या कादंबरीत विचारला. तिच्यावर हॉलिवूडने १९२१, १९३१ आणि १९४९ साली चित्रपट काढले. तिथे आपल्या काळाचा माणूस आर्थर राजाच्या दरबाराला थक्क करतो. मला मात्र उलटा प्रवास अधिक बोलका वाटतो. चिलखतातला नाइट आपल्या काळात आला, की त्याच्याबरोबर जुनी समाजरचनाही येते, आणि त्यातले काय टिकले, काय मोडले, हे तपासावे लागते.

१९७५च्या ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’मध्ये कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या इतिहासकाराला एक घोडेस्वार नाइट तलवारीने कापून काढतो. चित्रपटभर पोलीस माग काढत राहतात आणि ऐन लढाईच्या तोंडावर आर्थरलाच पकडतात. गंमत आहे, पण तिच्यामागे इतिहास आहे. शस्त्र चालवणे हा नाइटचा दर्जा होता. आधुनिक राज्यात तो खुनाचा गुन्हा ठरतो.

जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइटरायडर्स’मध्ये (१९८१) काळप्रवास नाही. एड हॅरिसने रंगवलेला बिली मोटारसायकलींवर भाल्यांचे सामने करणाऱ्या जत्रेतल्या मंडळीचा राजा आहे. लाच द्यायची नाही, पैशासाठी तत्त्व सोडायचे नाही, हा त्याचा बाणा. शेवटी तो मुकुट दुसऱ्याला देतो आणि महामार्गावर ट्रकखाली सापडतो.

या दोन्ही चित्रपटांत नजर सरदारावरच असते. ती हलवली झाँ-मारी प्वारेच्या ‘ले विझितर’ने. १९९३ साली फ्रान्समध्ये सर्वाधिक गर्दी याच चित्रपटाला झाली, ‘ज्युरासिक पार्क’पेक्षाही. ११२३ सालचा सरदार गोदफ्रुआ (झाँ रेनो) आणि त्याचा सेवक जाकुई (क्रिस्तियाँ क्लाव्हिए) जादूगाराच्या चुकीमुळे १९९२मध्ये येऊन पडतात. सरदाराच्या किल्ल्याचे आता महागडे हॉटेल झाले आहे आणि त्याचा मालक आहे जाकार, म्हणजे सेवकाचाच वंशज. मूळ कूळ लपवून तो प्रतिष्ठितांत वावरतो. क्लाव्हिएनेच दोन्ही भूमिका केल्या आहेत.

४ ऑगस्ट १७८९च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द केले, ही घटना फ्रेंच प्रेक्षकाला शाळेपासून पाठ. म्हणून इथे प्रश्न किल्ला कोणाचा एवढाच उरत नाही. माणूस कोणाचा, हाही उभा राहतो. गोदफ्रुआला परतायची घाई आहे, कारण त्याची वाग्दत्त वधू, मान आणि जमीन सगळे तिकडे आहे. जाकुईचे तिकडे काय आहे? मालकाचे उष्टे आणि लाथा. तो राहायचे ठरवतो.

पण परतीच्या प्रवासात सेवकाची जागा रिकामी राहून चालत नाही. जाकुई आपल्याऐवजी बेशुद्ध जाकारला धाडून देतो. प्रेक्षक खदखदून हसतो, कारण शिष्टाचाराचा तोरा मिरवणारा मालक चिखलात पडला. मला ते हसू अस्वस्थ करते. जाकुईची सुटका झाली खरी, पण चाकरी संपली नाही. ती फक्त दुसऱ्याच्या, तीही स्वतःच्याच वंशजाच्या, खांद्यावर गेली. सरदाराला त्याचे जग परत मिळते ते याच बदलीच्या जोरावर. क्रांतीनंतर दोनशे वर्षांनीही पडद्यावरच्या सरदाराला एक सेवक लागतोच.