मेणबत्तीवरील सहा व्याख्यानें : एका बालबोध विज्ञानग्रंथाचा मूळ पाठ

मायकेल फॅरडे यांचा ‘मेणबत्तीचा रासायनिक इतिहास’ हा ग्रंथ मुलांस विज्ञान शिकविण्याच्या कामीं आदर्श मानला जातो, व तो फॅरडे यांनीं लिहिला अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत तपासून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नाताळांत मुलांकरितां व्याख्यानें देण्याचा प्रघात इ. स. १८२५ पासून पडला. फॅरडे यांनीं १८२७ ते १८६० या काळांत अशा १९ माला गुंफिल्या. मेणबत्तीचा विषय त्यांनीं प्रथम १८४८ सालीं व पुन्हां १८६०-६१ च्या अखेरच्या मालेंत घेतला. या दुसऱ्या खेपेस लघुलेखकानें व्याख्यानें उतरून घेतलीं. विल्यम क्रुक्स यांनीं तीं ‘केमिकल न्यूज’ पत्रांत छापून १८६१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. म्हणजे छापील पाठ श्रोत्याच्या लेखणीचा आहे. फॅरडे यांच्या हातचीं टिपणें त्याच संस्थेच्या संग्रहांत असून पाठनिर्णयास तींहि पाहिलीं पाहिजेत.

शिकविण्याची रीत मात्र छापील पाठांत स्पष्ट दिसते. नुकत्याच विझविलेल्या वातीच्या धुरास दोन-तीन इंचांवर पेटती काडी लावली असतां ज्योत धुरावरून वातीकडे धांवते. जळते ती मेणाची वाफ, हें मुलास डोळ्यांनीं कळतें. बर्फ व मीठ भरलेलें भांडें ज्योतीवर धरल्यास त्याच्या बुडाशीं पाणी जमतें. ज्योतीपासून निघणारा वायु चुन्याची निवळी दुधाळ करतो, आणि तोंडानें फुंकलेला श्वासहि तेंच करतो. ज्वलन व श्वसन यांचें नातें असें आधीं दाखविलें आहे, मग सांगितलें आहे. परंतु व्याख्याता ‘हें पाहा’ म्हणतो तेव्हां ती वस्तु वाचकासमोर नसते. म्हणून हा ग्रंथ केवळ वाचून शिकविणाऱ्याच्या हातीं त्याची अर्धीच रीत लागते.

फॅरडे यांचें स्वतःचें शिक्षणहि असेंच झालें. पुस्तकबांधणीच्या दुकानीं उमेदवारी करीत असतां त्यांनीं जेन मार्सेट बाईंचें रसायनावरील संवादरूप पुस्तक वाचलें. १८१२ सालीं हम्फ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकून, त्यांचीं टिपणें स्वहस्तें लिहून व बांधून त्यांनीं डेव्ही यांसच पाठविलीं. १८१३ सालीं त्यांस तेथील प्रयोगशाळेंत जागा मिळाली. श्रोत्याच्या वहीचें मोल याहून अधिक काय सांगावें?

आमच्या संग्राहकांस एवढीच विनंति आहे. बखरी, सनदा व पत्रें आपण जपतों. पंतोजींचीं पाठटिपणें व मुलांच्या वह्या मात्र रद्दींत जातात. शास्त्रीय विषयांवर लेख देणारें बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० सालीं निघालें. त्यासारख्या छापील लेखांवरून काय शिकवावयाचें होतें तें समजतें. मुलांपुढें तें कसें मांडलें गेलें, हें वह्यांवांचून समजावयाचें नाहीं. जुनीं दप्तरें चाळतांना अशी एखादी वही आढळल्यास ती टाकूं नये. वेगळी बांधून, गांव व साल नोंदून ठेवावी.