तळटीप १२ : कार्विन जेम्स
१२. कार्विन जेम्स (१९२९–१९८३) : वेल्समधले रग्बी युनियनचे प्रशिक्षक. खाणकामगाराचे चिरंजीव, पेशाने वेल्श भाषा-साहित्याचे शिक्षक. वेल्सकडून १९५८ मध्ये दोनच सामने खेळले. मजकुरातला ‘एकाहत्तरचा दौरा’ म्हणजे लायन्सचा, अर्थात ब्रिटन व आयर्लंडच्या संयुक्त संघाचा, न्यूझीलंड दौरा. जेम्स यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने चार कसोट्यांपैकी दोन जिंकल्या, एक गमावली, एक बरोबरीत सोडवली. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी जिंकलेली ही एकमेव मालिका. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी, जेम्स यांच्या लानेली क्लबने त्याच न्यूझीलंडला ९–३ असे हरवले. खेळाडूला साच्यात न कोंबता त्याच्या अंगच्या खेळावर सोडणे, ही त्यांची खरी थोरवी. जानेवारी १९७३ मध्ये बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाच्या न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याआधी बुजलेल्या फिल बेनेटला त्यांनी एवढेच सांगितले, की लानेलीसाठी खेळतोस तसाच खेळ. काही मिनिटांतच बेनेटने आपल्या गोलरेषेजवळ एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या दिल्या आणि त्यातून गॅरेथ एडवर्ड्सचा गाजलेला ट्राय झाला. नंतर इटलीतल्या रोविगो क्लबलाही त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. संघनिवडीत प्रशिक्षकाचा शब्द अखेरचा असावा, हा त्यांचा रास्त आग्रह वेल्सच्या रग्बी संघटनेला मानवला नाही. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांना कधीच मिळाले नाही. म्हणून मजकुरातील ‘वेल्सचे प्रशिक्षक’ हे शब्द ‘वेल्समधले’ या अर्थानेच वाचावेत. – संपादक