वाळवंटालाही ऋतू असतात

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाराही महिने तापलेली वाळू येते. जैसलमेर-बाडमेरकडच्या माणसाला हे सांगितलं, तर तो हसेल. मी इतिहासाचा वाचक. थरच्या वाळवंटाविषयी वाचायला बसलो तो राजेरजवाड्यांसाठी, आणि गुंतलो तिथल्या ऋतूंमध्ये. कारण तिथला इतिहास आभाळानंच घडवला आहे.

वसंतात रोहिडा फुलतो. पिवळ्या, केशरी, लाल फुलांनी झाड भरून जातं. कैरच्या काटेरी, जवळजवळ बिनपानांच्या झुडपांवर लाल फुलं येतात. खेजडी, म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी, ऐन उन्हाळ्यात हिरवी राहते. मग ज्येष्ठात लू वाहू लागते. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि एखाद्या दुपारी क्षितिजावर धुळीची तांबूस भिंत उभी राहते. ती आंधी. ती येऊन गेली, की माणसं आभाळाकडे पाहू लागतात.

मोसमी पाऊस तिथं पोचेपर्यंत जुलै उजाडतो, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर तो देशातून परत फिरतो तोही याच भागापासून. जैसलमेरला वर्षभरात पडतो जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४ सेंटिमीटर पडला. म्हणजे जैसलमेरचा साधारण पाच वर्षांचा पाऊस! पण तेवढ्याशा पावसावर टेकड्या सेवण गवतानं हिरव्या होतात, बाजरी पेरली जाते, श्रावणातल्या तीजेला झोपाळे बांधले जातात. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरवडाभर लागतो.

हे सौंदर्य पाहणाऱ्याच्या मनात धाकधूकही असे. अक्षय्य तृतीयेला, तिथल्या आखातीजला, शेतकरी पुढच्या पावसाचे शकुन पाहत आले, ते काही हौस म्हणून नव्हे. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९ साली, ढग आलेच नाहीत. धान्य, पाणी आणि चारा या तिन्हींचा दुष्काळ पडला. तिकडे त्याला 'त्रिकाळ' म्हणतात. माणसं गुरं घेऊन माळव्याकडे, सिंधकडे चालू लागली. वाटेत गुरं पडली, माणसंही पडली. आपल्या मुंबई इलाख्यानंही तो दुष्काळ भोगला. पण मारवाडात त्या वर्षाला नावच पडलं, 'छप्पनिया'.

अशा आभाळाखाली राहायचं कसं, याचं एक उत्तर जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकात दिलं. त्याचं नाव खडीन. खडकाळ उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी सखल जागी लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं. पाणी ओसरलं, की त्या ओलाव्यावर गहू आणि हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात पालीवाल तो मुलूख सोडून गेले, त्यांचं कुलधरा गाव ओस पडलं. खडीन मात्र राहिले. त्यांतल्या काहींत आजही पीक निघतं. थंडीत चहूकडे करडी वाळू आणि मधोमध गव्हाचा हिरवा चौकोन, असं दृश्य तिथं दिसतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी जपलेला हा पाऊस आहे, असं मला वाटतं.

आभाळ उलटंही वागतं. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात प्रचंड पाऊस झाला. कवास गाव बुडालं, जिल्ह्यात शंभराहून अधिक माणसं गेली. वाळूखाली जिप्समचा थर असल्यानं पाणी मुरेना. कित्येक महिने ते तसंच साचून राहिलं. गंमत अशी, की थरच्या काही भागांत याच थरावर पावसाचं गोड पाणी साठून राहतं आणि तिथल्या छोट्या विहिरी त्यावरच चालतात. तारणारा थरच इथं बुडवणारा ठरला.

म्हणून तिथले लोक ढगाला नुसतं सुंदर म्हणून थांबत नाहीत. तो कुठून आला, किती देईल, पाणी कुठं जाईल, हेही विचारतात. आपल्याकडे पाऊस उदंड, त्यामुळे हे प्रश्न आपण विसरत चाललो आहोत. ते पुन्हा विचारायला लागलो, तर आपलाही पावसाळा आपल्याला अधिक नीट दिसेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)